नॉट म्हणजे धाकटा फोर्जेयो नव्हे

"टँगल्डवर स्वतःचा नॉट टाकला, आता सगळं माझ्याकडे." टँगल्ड म्हणजे गिटहबसारखी, कोड ठेवण्याची आणि त्यावर चर्चा करण्याची जागा. नॉट म्हणजे तिथला कोड ठेवणारा, स्वतः चालवता येणारा सर्व्हर. वरचं वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याला एकच प्रश्न विचारतो: मग तुझ्या रेपोवर (कोडच्या साठ्यावर) कोणी इश्यू, म्हणजे तक्रार किंवा सूचना, टाकला, तर तो कुठल्या डिस्कवर लिहिला जातो? बहुतेक जण ठामपणे "माझ्याच" म्हणतात. चूक.

फोर्जेयो तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो: तसलीच जागा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं सॉफ्टवेअर. गिटी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून २०२२ मध्ये फुटलेला फोर्क. नाव एस्पेरांतो भाषेतलं, अर्थ लोहाराची भट्टी. एक मशीन, एक बायनरी, एक डेटाबेस. रेपो एका फोल्डरमध्ये. खाती, इश्यू, पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव), कमेंट डेटाबेसमध्ये. मशीन तुमचं, म्हणून सगळं तुमचं. तिथे "सगळं माझ्याकडे" हे शब्दशः खरं आहे.

टँगल्डचं पान उघडलं की तेच दिसतं: फायली, इश्यू, पुल. म्हणून माणूस समजतो की आतही तसंच असेल. आत मात्र तीन वेगळी घरं आहेत. कोड नॉटवर. बोलणं ज्याचं त्याच्या पीडीएसवर, म्हणजे एटी प्रोटोकॉलमध्ये (ब्लूस्काय ज्यावर चालतं त्या व्यवस्थेत) प्रत्येकाचा स्वतःचा डेटा जिथे राहतो त्या सर्व्हरवर. ब्लूस्कायच्या पोस्ट राहतात तसल्याच. आणि या दोन्हींतून गोळा करून पान दाखवणारा तो ॲपव्ह्यू. तुम्ही नॉट बसवता तेव्हा तिघांपैकी एकच तुमच्याकडे येतो. नॉटचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा: ना लॉगिन, ना रेपोंची यादी, नुसता थोडासा मजकूर. नवखे इथे हमखास घाबरतात आणि "इन्स्टॉल फसलं" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. फसलेलं नसतं. नॉटला चेहराच नाही.

आता इश्यूकडे. एका अनोळखी माणसाने तुमच्या रेपोवर बग नोंदवला. ती नोंद त्याच्या पीडीएसवर त्याच्या नावाने लिहिली जाते, आणि तीत "हा इश्यू अमुक रेपोबद्दल आहे" एवढा निर्देश असतो. तुम्ही उत्तर दिलंत, ते तुमच्या पीडीएसवर. त्याने पुल पाठवला, तर पॅचसकट, म्हणजे सुचवलेल्या बदलासकट, ती नोंद पुन्हा त्याच्याकडे. ॲपव्ह्यू हे तुकडे एकाखाली एक लावतो म्हणून ते एक संभाषण वाटतं. त्या माणसाने आपलं खातं मिटवलं, तर त्याच्या पीडीएसवरची मूळ नोंद गेली. तुमच्या नॉटवर तिची प्रत कधी नव्हतीच.

माझ्या नॉटची डिस्क एकदा लॉगने भरून रात्रीत बंद पडली. सकाळी पान उघडलं तर इश्यू जागच्या जागी, कमेंट जागच्या जागी, रेपोचं वर्णनही. फायलींची यादी जिथे असते तिथे मात्र एरर. फोर्जेयो बंद पडला की आख्खं पान जातं, आणि निदान काय गेलंय ते तरी कळतं. इथे अर्धं घर उभं होतं, आणि मी दहा मिनिटं चुकीच्या ठिकाणी, ॲपव्ह्यूत, दोष शोधत बसलो. उलटंही होतं: ॲपव्ह्यू झोपलेला असतानाही गिट पुश चालतो, कारण तो एसएसएचने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, थेट नॉटकडे जातो. पान दिसत नाही म्हणून काम थांबवायचं कारण नसतं.

बॅकअपची गफलत इथूनच निघते. फोर्जेयोत नुसतं रेपोंचं फोल्डर उचललंत आणि डेटाबेस विसरलात तर इश्यू गेले. हा धडा मी फार वर्षांपूर्वी, एका अत्यंत लाजिरवाण्या शनिवारी शिकलो. नॉटवर रेपोंचं फोल्डर आणि त्याचा छोटा डेटाबेस उचलला की नॉटपुरतं काम झालं. पण प्रकल्पाचा बॅकअप झाला का? नाही. पीडीएसवरून आपल्या नोंदींची सीएआर फाइल (सगळ्या नोंदींचं एकत्र गाठोडं) वेगळी उतरवावी लागते, आणि तीत फक्त आपल्याच नोंदी असतात. तुम्ही विचारलेले प्रश्न सापडतील, लोकांनी दिलेली उत्तरं नाही. ती हवी असतील तर प्रत्येकाच्या पीडीएसकडून वाचून घ्या. नोंदी सार्वजनिक असल्यामुळे ते जमतं, पण आपोआप होत नाही.

मग एवढा व्याप कशाला? खात्यांसाठी. फोर्जेयोच्या तुमच्या सर्व्हरवर कोणाला एक ओळीची दुरुस्ती सुचवायची तर त्याला आधी तुमच्याकडे खातं उघडावं लागतं. रजिस्ट्रेशन उघडं ठेवलं की स्पॅमवाले येतात, बंद केलं की कोणीच येत नाही. फेडरेशनचं, म्हणजे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडण्याचं, काम तिथे बरीच वर्षं चालू आहे, पण आज त्याच्या भरवशावर प्रकल्प उभा करू नका. नॉटवर हा प्रश्नच उरत नाही. ज्याच्याकडे एटी प्रोटोकॉलची ओळख आहे तो तिच्यासकट येतो. त्याची सार्वजनिक एसएसएच किल्लीसुद्धा त्याच्या पीडीएसवरच नोंदलेली असते. ही ओळखही पूर्णपणे तुमच्या हातात असतेच असं नाही. बहुतेकांची डीआयडी, म्हणजे एटी प्रोटोकॉलमधली कायमची ओळखखूण, पीएलसी प्रकारची असते आणि त्या प्रकाराची नोंदवही एकाच ठिकाणी चालते. "विकेंद्रित" हा शब्द शाबासकीसारखा वापरणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

किरकोळ गोष्टी पटकन. "गिट मुळातच वितरित आहे, मग हे कशाला" म्हणणाऱ्यांना: २००५ पासून गिटमध्ये कमिट वितरित आहेत, इश्यू नाहीत. ते गिटच्या आतच हवे असतील तर रॅडिकल (Radicle) नावाची दुसरी व्यवस्था बघा. तिथे इश्यू आणि पॅच गिटच्या वस्तू म्हणून साठतात आणि रेपोसोबत फिरतात. कल्पना मला आवडते, पण तिथे तुमची ओळख म्हणजे तुमची किल्ली, आणि किल्ल्या हरवणाऱ्यांत मी पहिला. स्पिंडल म्हणजे टँगल्डचा सीआय (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या चाचण्या) चालवणारा, तो नॉटपासून वेगळा. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

मी स्वतः खासगी आणि टीमचं काम फोर्जेयोवर ठेवतो, त्यात चर्चेला जागा नाही. जिथे अनोळखी लोक यावेत असं वाटतं ते नॉटवर.

नॉट टाकणारच असाल तर होस्टनेम आधी नीट ठरवा. तुमच्या पीडीएसवरच्या रेपोच्या नोंदीत नॉटचं नाव लिहिलेलं असतं. मशीन बदललं तर डेटा हलवा, डीएनएस नव्या पत्त्याकडे वळवा, कोणाला कळणारही नाही. नाव बदललं तर मात्र जुन्या नोंदी रिकाम्या दाराकडे बोट दाखवत राहतात. म्हणून भाड्याच्या सर्व्हरसोबत फुकट मिळालेलं लांबलचक नाव तिथे टाकू नका. स्वतःच्या डोमेनचं सबडोमेन घ्या, आणि त्या डोमेनचं नूतनीकरण कधी आहे ते आजच बघा.