वाघ्यापासून मोदकापर्यंत: पुण्यातील कुत्र्यांच्या नावांची पार्श्वभूमी

पिल्लू घरी येण्याआधीच त्याच्या नावावरून घरात खल सुरू व्हावा, ही पुण्यातली फार जुनी रीत नव्हे. वाड्यांच्या काळात कुत्र्याची जागा दिंडीदरवाजाच्या आत, पण ओसरीच्या बाहेर असे. राखण हे त्याचे काम, आणि नाव रंगावरून किंवा रुबाबावरून आपोआप पडे. काळ्या, लाल्या, मोत्या, वाघ्या, खंड्या ही नावे आळीआळीत सापडत. नाव ठाऊक नसले तरी ‘यू यू’ म्हणून भाकरीचा तुकडा पुढे केला की काम भागे.

यांपैकी वाघ्या आणि खंड्या या नावांना मात्र मोठा वारसा आहे. जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रा असतोच, आणि खंडोबाला वाहिलेल्या भक्तालाही वाघ्याच म्हणतात. वाघापासून साताऱ्याच्या शाहू महाराजांचे प्राण वाचवले अशी ज्याची आख्यायिका आहे, त्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. रायगडावरील वाघ्याची कथा अधिक वादग्रस्त आहे. शिवकालीन कागदपत्रांत या कुत्र्याला आधार नाही, या आक्षेपातून त्याचा पुतळा एकदा हटवला गेला आणि नंतर पुन्हा बसवला गेला. इतिहासकारांचे काहीही ठरो, इमानी कुत्रा म्हटले की मराठी माणसाला आधी वाघ्याच आठवतो.

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजांची छावणी वसली, आणि साहेबांच्या कुत्र्यांबरोबर साहेबी नावेही आली. इंग्रज शिपायाचे टोपणनाव असलेला टॉमी पुढे पेठांतही इतका रुळला की तो परका वाटेनासा झाला.

खरा बदल घडवला तो घरांच्या रचनेने. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे अनेक वाडे पडले, वस्ती उपनगरांकडे सरकली, आणि पुढे वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. अंगणच उरले नाही, तेव्हा कुत्रा थेट दिवाणखान्यात आला आणि राखणदाराऐवजी घरचा धाकटा लेक झाला. म्हणूनच आज मोदक, लाडू, चिकू अशी लाडाची नावे ऐकू येतात, आणि लसीकरणाच्या पुस्तिकेत त्यांपुढे घरचे आडनावही बिनदिक्कत लिहिले जाते. माणसांची नावे ठेवण्याची हौसही त्यातूनच आली. फक्त ते नाव शेजारच्या काकांचे निघाले, तर जिन्यातून हाक मारणे अवघड होते.