तान्हा पोळा (नागपूर)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपूर व आसपासच्या विदर्भात साजरा होणारा लहान मुलांचा सण. श्रावण अमावस्येला खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी मुले चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर फिरतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली, असे मानले जाते.

नंदी दरवर्षी विकत घेण्याची रीत नाही. थोरल्यासाठी आणलेला धाकट्याकडे, पुढे चुलत-आतेभावंडांकडे जातो. एक शिंग फेविकॉलने चिकटवलेले आणि एक चाक अडखळणारे, असा नंदी बहुतेक घरांत सापडेल. नवी असते ती झूल, बेगड आणि गळ्यातली घुंगरे. दारी आलेल्या नंदीच्या पायांवर पाणी घालून घरची बाई त्याला कुंकू लावते, ओवाळते आणि मुलाच्या हातात बोजारा ठेवते, म्हणजे पैसे, कधी खाऊ. झडती, म्हणजे पोळ्याची पारंपरिक गाणी, पाठ असलेल्या पोराला बोजारा जरा सढळ मिळतो. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ एवढे म्हटले तरी काकू खूश. पूर्वी हे बहुतांशी मुलग्यांचे काम होते. आता मुलीही नंदी घेऊन निघतात, आणि सोसायट्यांच्या सजावट स्पर्धांत बक्षिसे नेतात.

हा सण वयाला बांधलेला आहे, म्हणून घरातले मूल मोठे झाले की तो सर्वांत आधी बदलतो. पाचवी-सहावीत पोट्ट्याला दोरी धरायची लाज वाटू लागते. मग त्याला धाकट्यावर लक्ष ठेवायला धाडतात. तो बोजाऱ्यात वाटा मागतो आणि भांडण घरी येते. आणखी दोन-तीन वर्षांनी तो मित्रांसोबत नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे इडापिडा घालवायला काढलेल्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, बघायला जातो. काळी मारबत १८८१पासून, पिवळी १८८५पासून याच दिवशी निघते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी आणि बडग्यांवरची, म्हणजे सोबतच्या पुरुषी पुतळ्यांवरची, टवाळी यांपुढे लाकडी बैल फिका पडणारच.

शिक्षण-नोकरीसाठी मुले पुण्या-बंगळूरला गेली की घरचा मेळावा महालक्ष्म्यांवर, म्हणजे ज्येष्ठा गौरींच्या सणावर, सरकतो. पोळ्यासाठी रजा काढून कोणी येत नाही. महालक्ष्म्यांना येतात, कारण आवाहन, पूजन, विसर्जन असे तीन दिवस असतात आणि सोळा भाज्या, आंबील, फुलोऱ्याला हात कमीच पडतात. काल बोजारा मागणारा मुलगा इथे पंगतीत वाढपी होतो. बायकांचे काम मात्र फारसे हलके होत नाही.

नातवंडे परगावी असलेल्या घरांत आजी शेजारच्या मुलांसाठी सुटे पैसे काढून ठेवते. स्वतःच्या नातवाचा बोजारा हल्ली फोनवरून थेट त्याच्या आईबापाच्या खात्यात जातो. त्यावर नातवंडांची तक्रार असते, आणि ती रास्त आहे.