उभ्या उभ्या खाल्लेली चकली

दिवाळीत दुपारी साडेचारच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातून एक ठराविक आवाज येतो, स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडल्याचा. बाहेरून आई विचारते "कोण आहे रे आत?" आणि तोंडात चकली असलेला माणूस कसाबसा म्हणतो "पाणी पितोय". तो माणूस मी.

गंमत म्हणजे रात्री बायकोने विचारलं की आज दिवसभरात काय काय खाल्लंस, तर मी अगदी मनापासून सांगितलं, सकाळी अंघोळीनंतर फराळाची एक प्लेट, दुपारी जेवण, बस. खोटं बोलत नव्हतो हो, डब्यातली ती चकली, नंतरचा अर्धा लाडू, जाता येता तोंडात टाकलेले शंकरपाळे, मला खरंच आठवलंच नाही. आणि विज्ञानाच्या बाजूने बघितलं तर खरी गोम इथेच आहे.

पोट भरल्याचं आपल्याला कसं कळतं? जठर ताणलं गेलं की वेगस नावाच्या नसेतून मेंदूला निरोप जातो, पुढे लहान आतड्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिनसारखी हार्मोन्स सुटतात, ती म्हणतात आता पुरे. याच्या उलट काम करणारं, म्हणजे भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जपानी संशोधकांनी 1999 साली शोधलं. हे सगळं निरोपांचं काम जरा सावकाश चालतं, म्हणून भराभरा खाणारा माणूस निरोप पोचायच्या आत तिसऱ्या लाडवावर असतो.

पण पोट आणि हार्मोन्स एवढ्यावरच हा हिशोब संपत नाही. 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग छापला. मेंदूला इजा झाल्यामुळे नवीन काही लक्षातच राहत नाही अशा दोन माणसांना त्यांनी दुपारचं जेवण दिलं, आणि 10 ते 30 मिनिटांनी परत ताट पुढे केलं. दोघंही पुन्हा जेवले! मग तिसऱ्यांदा दिलं तर बहुतेक वेळा तेही खायला सुरुवात केली. जठर भरलेलं होतं, पण आपण जेवलोय हेच आठवत नव्हतं. म्हणजे पोट भरलं की नाही हे ठरवताना मेंदू आठवणीलाही विचारतो, आणि माझ्यासारखा धडधाकट माणूस उभ्या उभ्या, फोन बघत, डब्यातूनच खातो तेव्हा त्या खाण्याची आठवण अशी तयारच होत नाही.

बर्मिंगहम विद्यापीठातल्या सुझान हिग्ज यांनी हेच उलट्या बाजूने तपासलं. 2011 च्या त्यांच्या प्रयोगात ज्या बायकांनी दुपारचं जेवण लक्ष देऊन, चव बघत खाल्लं त्यांनी नंतर बिस्किटं कमी खाल्ली. पुढच्या काही प्रयोगांत हा फरक दिसला नाही हेही सांगायला हवं, त्यामुळे "माइंडफुल खा आणि बारीक व्हा" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

फराळाची दुसरी करामत म्हणजे व्हरायटी. खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवलं की एकच पदार्थ खात राहिलं की त्याचा कंटाळा येतो पण बाकीच्यांचा येत नाही, चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस मिळाली तेव्हा लोकांनी एकाच सारणाच्या सँडविचपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त खाल्लं. आता आपली प्लेट बघा. लाडवाने तोंड गोडमिट्ट झालं की चिवडा, चिवड्याने तिखट लागलं की करंजी, करंजीवर परत शेव, कंटाळा यायला चान्सच नाही. आणि शेजारच्या काकूंची क्रोशाचा रुमाल घातलेली प्लेट आली की सगळं पहिल्यापासून.

परवा बसून बेसनाच्या लाडवाचा हिशोबच केला. आमच्याकडे अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, 400 ग्रॅम पिठीसाखर असं प्रमाण असतं. तुपाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, साखरेच्या आणि बेसनाच्या ग्रॅमला साधारण 4, म्हणजे 40 ग्रॅमचा लाडू झाला जवळपास 200 कॅलरीचा. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीतही साधारण तेवढ्याच असतात, पण भाकरी आमटी-भाजीबरोबर चावत बसावं लागतं, पोटात जागाही भरपूर घेते. लाडू चार घासांत गायब, जागा लिंबाएवढी.

म्हणून लगेच घाबरून भाऊबीजेनंतर उपाशी राहायची गरज नाहीये. 2000 साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात 195 लोकांची वजनं नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीपासून न्यू इयर उलटेपर्यंत मोजली, सरासरी वाढ निघाली 0.37 किलो, लोकांना स्वतःला वाटत होती त्याहून बरीच कमी. गडबड एवढीच की ती वाढ नंतरच्या महिन्यांत उतरली नाही. म्हणजे वर्षाला थोडं थोडं साठत जातं. सणात चार लाडू खाल्ले म्हणून स्वतःला शिव्या घालणं आणि मग तीन दिवस नुसतं लिंबूपाणी पिणं हा प्रकार मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो.

त्यापेक्षा शतपावली करा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने 2016 मध्ये टाइप 2 डायबेटिस असलेल्या 41 लोकांवर बघितलं, दिवसातून एकदाच 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर 10 मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली. आजोबा काही डायबेटॉलॉजिस्ट नव्हते, पण जेवले की अंगणात फेऱ्या मारायचेच. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, मला तेव्हा वाटायचं कशाला हा टाइमपास, आता वाटतं त्या निमित्ताने माणूस अर्धा मिनिट थांबून ताटाकडे बघायचा तरी.

तर यावर्षी मी एकच नियम केला. काय वाट्टेल ते खायचं, पण प्लेटमध्ये घेऊन, बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिल्या दिवशी एक चकली, थोडा चिवडा आणि लाडू घेऊन खिडकीपाशी बसलो. चकली हळूहळू चावली तर लक्षात आलं की ओवा जरा जास्तच पडलाय, जिभेला चरचरत होतं. चार दिवस तीच चकली खात होतो मी, डब्यातून, उभ्याने. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तळताना मीच म्हटलं होतं ना तुला, चाखून बघ. तू म्हणालास मस्त झालीये."