ट्रेडमार्कची रचना

नाव, रंग, आकार आणि वेष्टन ठरवतानाच ट्रेडमार्कचा कायदेशीर हक्क किती भक्कम राहील आणि नाममुद्रेचा (ब्रँडचा) ग्राहकाच्या मनावर कोणता ठसा उमटेल, हे बरेचसे ठरून जाते. दोन्ही हेतू नेहमीच एकत्र साधत नाहीत. मालाचे सरळ वर्णन करणारे नाव चटकन कळते. पण ते शब्द प्रतिस्पर्ध्यांनाही लागतात, म्हणून त्यांना संरक्षण मिळणे अवघड.

आकाराच्या बाबतीत खरा अडसर उपयुक्ततेचा असतो. लेगो या खेळण्यातल्या विटेवरचे गोल खुंट विटा एकमेकींत घट्ट बसवण्यासाठी आहेत. असे तांत्रिक काम करणाऱ्या आकारावर ट्रेडमार्क देता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. पेटंट कधीतरी संपते, ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत कायम राखता येतो. तांत्रिक आकारावरचा हक्क ट्रेडमार्कच्या आडून कायमचा राखण्याची ही पळवाट बुजवणे रास्तच होते. याउलट, कोका-कोलाची १९१५ मधली बाटली अंधारात नुसत्या स्पर्शाने ओळखू यावी, या अपेक्षेने घडवली गेली. पेय साठवण्यासाठी तशा घाटाची काहीच गरज नव्हती. १९६० मध्ये अमेरिकेत तो ट्रेडमार्क म्हणून नोंदला गेला.

एकच रंगही संरक्षण मिळवू शकतो, पण लोक त्यावरून उत्पादक ओळखू लागल्यावरच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ड्रायक्लीनिंगच्या इस्त्रीयंत्रावरील गाद्यांच्या हिरवट-सोनेरी रंगाबाबत हे मान्य केले. लूबुताँ या फ्रेंच पादत्राण कंपनीच्या बुटांच्या लाल तळव्याला तेथील अपील न्यायालयाने २०१२ मध्ये संरक्षण दिले, तेही तळवा वरच्या भागाहून वेगळ्या रंगाचा असेल तरच. नखशिखान्त लाल बूट त्यातून सुटला.

सर्वांत बोलके प्रकरण आदिदासचे. नोंदणी होती फिक्या पार्श्वभूमीवरील तीन गडद समांतर पट्ट्यांची. वापराचा पुरावा म्हणून कंपनीने दिलेल्या बऱ्याच चित्रांत गडद कापडावर पांढरे पट्टे होते. सामान्य ग्राहकाला हा फरक जाणवणारही नाही, पण युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने २०१९ मध्ये असा उलट रंगसंगतीचा पुरावा धरला नाही आणि आधीच रद्द झालेली नोंदणी रद्दच राहिली. चिन्ह जितके साधे, तितका छोटा बदलही महाग पडतो.

कायदेशीर बाजू निर्धोक असूनही ठसा पुसला जाऊ शकतो. २००९ मध्ये ट्रॉपिकाना या संत्र्याचा रस विकणाऱ्या कंपनीने वेष्टनावरचे, नळी खोचलेले संत्रे काढून रसाचा पेला छापला. ग्राहकांच्या तक्रारींनंतर काही आठवड्यांतच कंपनीने जुने वेष्टन परत आणले.