कोकण रेल्वेमार्ग

कोकण रेल्वेमार्ग : रायगड जिल्ह्यातील रोहा येथून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा व कर्नाटकाच्या किनारपट्टीतून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारा ब्रॉडगेज लोहमार्ग. डोंगर, दऱ्या व नद्यांमधून जाणारा निसर्गरम्य प्रवास म्हणून त्याची ख्याती आहे. लांबी सामान्यतः ७४१ किमी. दिली जाते. काही ग्रंथांत आढळणारा ७६० किमी. हा आकडा मंगळूरपर्यंतचे अंतर धरून दिलेला असावा. बोगद्यांची संख्याही कोठे ९१, तर कोठे ९२ अशी आहे. त्यांची एकूण लांबी ८० किमी.हून अधिक भरते.

मार्गाची मूळ कल्पना कोणाची, याविषयी एकमत नाही. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, किनारपट्टीची पाहणी झाल्याचे सांगितले जाते. मात्र त्या पाहणीचा आजच्या आखणीशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. सिंधुदुर्गात, विशेषतः कुडाळ परिसरात, हे श्रेय अभियंते अ. ब. वालावलकर यांना दिले जाते. राजकीय इतिहास लिहिणारे राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांच्या लोकसभेतील पाठपुराव्यापासून आणि त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून निवडून आलेल्या मधु दंडवते यांच्यापासून सुरुवात करतात. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. या दाव्यांत वस्तुतः विरोध नाही. मागणी, आराखडा आणि पैसा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यांपैकी पैशाचा प्रश्न सुटेपर्यंत मार्ग कागदावरच राहिला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

उत्तरेकडून रूळ तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकत होते. साठच्या दशकात दिवा–पनवेल–आपटा आणि १९८६ च्या सुमारास रोहा, एवढीच मजल गेली. मडगाव–मंगळूर टप्प्याचे अंतिम सर्वेक्षण १९८४-८५ च्या सुमारास हाती घेण्यात आले व ते पुढे रोह्यापर्यंत वाढवण्यात आले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री असताना १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळचा प्रत्येकी ६ टक्के असे भागभांडवल ठरले. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभारण्यात आला. ई. श्रीधरन हे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे पायाभरणी झाली. पूर्णत्वाच्या दोन तारखा प्रचलित आहेत : २६ जानेवारी १९९८ आणि १ मे १९९८. पहिली मार्ग सलग जोडला गेल्याची व दुसरी लोकार्पणाची मानल्यास त्यांत विसंगती उरत नाही.

या प्रवासाचे स्वरूप समजून घ्यायचे तर आखणीचे दोन आकडे पाहावे लागतात. चढाची मर्यादा १५० मीटरला १ मीटर आणि वळणाची किमान त्रिज्या १,२५० मीटर. बोरघाटात हाच चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे. ताशी १६० किमी. वेग डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या या आखणीत डोंगराला वळसा घालण्यास वा घाट चढण्यास वावच नव्हता. सह्याद्रीच्या सोंडा पश्चिमेकडे उतरतात, दोन सोंडांमधून नद्या वाहतात आणि रेल्वे उत्तर-दक्षिण जाते; म्हणजे ती प्रत्येक सोंडेला आणि प्रत्येक नदीला आडवी जाते. परिणामी सोंड आली की बोगदा, दरी आली की पूल. घाटातल्या रेल्वेप्रमाणे देखावा येथे हळूहळू उलगडत नाही. काळोख, क्षणभर हिरवी दरी, पुन्हा काळोख असा तो येतो. विस्टाडोम डब्याच्या काचेच्या छताचा उपयोगही त्यामुळे बोगद्यांच्या पट्ट्यात बेताचाच होतो, हे जाहिरातीत सांगितले जात नाही.

उक्शी ते भोके या स्थानकांदरम्यानचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किमी. लांबीचा आहे. काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा होईपर्यंत तो देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. ताशी १०० किमी. वेगानेही आत जवळजवळ चार मिनिटे जातात. खिडकी उघडी असली की ओलसर गार हवा डब्यात भरते आणि बोलणे ऐकू येत नाही. उक्शीजवळ पावसाळ्यात रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो. डोळे तयार नसतील तर तो निसटतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेचा पानवल पूल (पनवेलशी याचा संबंध नाही) ४२४ मीटर लांब व सुमारे ६४ मीटर उंच आहे. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची उभारणे परवडणारे नव्हते. म्हणून पुलाचा काँक्रीटचा पट्टा एका तीरावर भागाभागाने ओतून हायड्रॉलिक जॅकने खांबांवरून पुढे ढकलण्यात आला. भारतात ही पद्धत प्रथम येथेच वापरली गेली, असे सामान्यतः मानले जाते. गाडीत बसून मात्र पूल दिसतच नाही : खाली झाडांचे शेंडे, वीसेक सेकंदांत पलीकडचा कातळ. पूल पाहायचा तर खाली दरीत उतरावे लागते.

खडकापेक्षा मातीने अधिक छळले. जांभ्याच्या थराखालची मऊ माती पाणी लागताच वाहू लागते. अशा मातीतल्या बोगद्यांपैकी पेडण्याचा बोगदा, जेमतेम दीड किलोमीटरचा, सर्वांत शेवटी पूर्ण झाला. ६ ऑगस्ट २०२० रोजी त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे–मिरज–लोंढा मार्गे वळवाव्या लागल्या. बांधकामात मृत्यू पावलेल्या कामगारांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरी येथे आहे.

गोव्यातील आखणीला मोठा विरोध झाला. खाजण जमिनी (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेते), करमळीचे तळे आणि जुन्या गोव्यातील वास्तू यांचा प्रश्न होता. काही काळ काम थांबले, न्या. ओझा समिती नेमली गेली. अखेर मार्ग बव्हंशी मूळ आखणीवरूनच गेला. करमळी स्थानकालगतचे तळे आज प्रवासी पक्ष्यांसाठी पाहतात.

दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला सह्याद्री राहतो. महाराष्ट्राच्या हद्दीत समुद्र दिसेल या आशेने उजवीकडची खिडकी धरणाऱ्यांची निराशा होते, कारण मार्ग किनाऱ्यापासून बराच आत आहे. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी या नद्या ओलांडताना जे पाणी दिसते तेवढेच. पर्यटनविषयक लिखाणात दूधसागर धबधबा या मार्गावर असल्याचे वारंवार छापले जाते. तो कॅसलरॉक–कुळे घाटात, दुसऱ्या रेल्वेवर आहे. गोव्याच्या पुढे कारवारची काळी नदी व होन्नावरचा शरावती पूल (सुमारे २ किमी., या मार्गावरील सर्वांत लांब) उल्लेखनीय.

देखावा पाहायचा तर दिवसा धावणारी मांडवी एक्सप्रेस सोयीची, कोकणकन्या रात्रीची. मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी गाडी स्थानकात (क्रॉसिंगला) थांबते आणि कोकणातले प्रवासी ते गृहीतच धरतात. गणपतीतल्या गर्दीविषयी वेगळे सांगायला नको.

सर्वांत सुंदर काळ पावसाळ्याचा, आणि धोक्याचाही तोच. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कटिंगमधील (डोंगर कापून केलेल्या वाटेतील) दरड रुळांवर आल्याने विशेष गाडी घसरून पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे ही कामे नेटाने झाली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक लागू असते व वेग कमी ठेवला जातो. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. दुपदरीकरण मात्र रोहा–वीर या तुलनेने सपाट, सुमारे ४७ किमी.च्या टप्प्यापुरते (२०२१) झाले आहे. पुढे दुसरी लाईन टाकायची तर करबुड्यासारखे बोगदे नव्याने खोदावे लागतील.