दुकानात चालतो, घरी बंद पडतो

संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने एक तक्रार कधी ना कधी ऐकलेली असते: “तुमच्याकडे नीट चालत होता, घरी नेला आणि अर्ध्या तासात बंद पडला.” ग्राहकाला वाटते आपल्याला फसवले, कारागिराला वाटते यांच्या घरच्या विजेतच काहीतरी गोम आहे, आणि पुष्कळदा दोघेही आपापल्या जागी खरेच सांगत असतात. दुकानातल्या टेबलावरची परिस्थिती आणि घरातल्या कोपऱ्यातली परिस्थिती यांत फरक असतो. दुरुस्त झालेला संगणक मालकाच्या हाती देण्यापूर्वीची शेवटची तपासणी हा फरक शक्य तितका पुसून टाकण्यासाठी करायची असते.

सर्वांत मोठा फरक उष्णतेचा. प्रोसेसर जितकी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि थर्मल पेस्ट, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) व पंखा या मार्गाने हवेत जाते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असेल आणि प्रोसेसरवर कामाचा ताण तेवढाच असेल, तर त्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच जास्त राहते. समजा, वातानुकूलित दुकानात २४ अंश सेल्सिअसला पूर्ण ताण दिल्यावर प्रोसेसर ८२ अंशांवर स्थिरावला. म्हणजे फरक ५८ अंशांचा. आता तोच संगणक नागपूरला, मे महिन्यात, दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ठेवला, तर बेरीज १०० वर जाते. अनेक प्रोसेसर याच आकड्याच्या आसपास स्वतःचा वेग उतरवू लागतात आणि तापमान आणखी चढले तर संगणक सरळ बंद होतो. दुकानातले ८२ अंश म्हणूनच निर्धास्त होण्याजोगे नसतात.

हीटसिंक काढून पुन्हा बसवला असेल तर त्याखालच्या पेस्टकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामधल्या सूक्ष्म खाचांत हवा अडकते, आणि हवेपेक्षा तांबे सुमारे पंधरा हजार पटींनी अधिक उष्णतावाहक असते. त्या खाचा भरून काढणे एवढेच पेस्टचे काम. एक स्क्रू सैल राहिला, हीटसिंक किंचित कलला, की ताण पडताच तापमान काही सेकंदांत उसळी घेते. ही चूक लवकर सापडते. कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवून केलेल्या चाचणीतली चूक मात्र सापडत नाही, कारण उघड्या यंत्राला खोलीतली मोकळी हवा मिळते आणि सगळे आकडे छान दिसतात. चाचणी सगळे स्क्रू लावून, झाकण बंद करूनच घ्यावी.

किती वेळ घ्यावी, हे ग्राहकाच्या तक्रारीवर अवलंबून असते. पाऊण तासाने बंद पडणारे यंत्र दहा मिनिटे चालवून दाखवल्याने काहीच सिद्ध होत नाही. ज्याला कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, तो तडकलेला किंवा नीट न धरलेला डाख, मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) पुरता तापल्यावरच आपले खरे रूप दाखवतो. दहा मिलिमीटर लांबीचा तांब्याचा तुकडा साठ अंशांनी तापला तर सुमारे दहा मायक्रॉनने लांबतो. तेवढ्याच लांबीचे सिलिकॉन दोन मायक्रॉनही वाढत नाही. एकमेकांना जखडलेले निरनिराळे पदार्थ असे कमीअधिक प्रसरण पावतात आणि त्यांच्यातली ओढाताण डाखाच्या सांध्यांना सोसावी लागते. गंमत अशी की काही भेगा तापल्यावर उघडतात, तर काही तापल्यावर मिटतात. दुसऱ्या प्रकारचे यंत्र एकदा गरम झाले की दिवसभर बिनतक्रार चालते आणि सकाळी थंडगार असताना सुरूच होत नाही. म्हणून ते रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा लावून पाहावे. गर्दीच्या दिवसांत एकेक यंत्र असे अडवून ठेवणे दुकानाला जड जाते हे मान्य. तरी तेच यंत्र आठवड्याने परत येणे त्याहून जड जाते.

ही रात्र आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते, पण त्यासाठी संगणकाचा प्लग भिंतीतून काढून ठेवायला हवा. मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालणारे घड्याळ तो जिवंत ठेवतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो. डेस्कटॉप संगणक बंद असला तरी प्लग जोडलेला व बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून (भिंतीतल्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये रूपांतर करणाऱ्या पेटीतून) थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. सेल पार संपला असला तरी दुकानात ते कळत नाही, कारण तिथला विजेचा बोर्ड दिवसभर चालूच असतो. आपल्याकडे घरोघरी मात्र झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय असते. सकाळी संगणक कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्या तारखेला संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नसते. ग्राहक तक्रार करतो ती इंटरनेटची, आणि दोष निघतो काही रुपयांच्या सेलचा.

सवयींचा असाच फरक संगणक बंद करण्याच्या पद्धतीतही असतो. दुरुस्ती करणारे ‘रीस्टार्ट’ वारंवार वापरतात, घरी लोक ‘शट डाउन’ करतात. विंडोज ८ पासून या दोन्हींचा अर्थ एक राहिलेला नाही: जलद सुरुवातीची सोय चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो, तर रीस्टार्टमध्ये सगळे मुळापासून सुरू होते. दोन्ही करून पाहावे. लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला असेल आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधल्या माहिती सांकेतिक करून ठेवणाऱ्या सोयीने, कुलूपबंद असेल, तर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मालकाकडे आहे का, हे बोर्डाला हात लावण्यापूर्वीच विचारलेले बरे.

रॅमच्या बाबतीत खोडरबराचा इलाज सर्वांना ठाऊक आहे. सोनेरी पट्ट्या घासून रॅम पुन्हा बसवली की संगणक सुरू होतो, आणि पट्ट्यांवरचा मळच कारण असेल तर तो इलाज खराही असतो. पण ८ जीबी रॅममध्ये माहितीचा एकेक बिट साठवणारी ६,८०० कोटींहून अधिक घरे असतात आणि संगणक सुरू होताना त्यांतली थोडीच वापरली जातात. उरलेल्यांतले एखादे बिघडलेले असेल, तर ते ग्राहकाने पंचवीस टॅब उघडल्यावरच उघडकीला येईल. मेमटेस्टसारखी चाचणी प्रत्येक घरात शून्य आणि एक यांचे निरनिराळे नमुने लिहून परत वाचून पाहते. तिला वेळ लागतो, म्हणून तीही त्या रात्री प्लग काढण्यापूर्वी उरकावी. इथे पस्तीस टक्क्यांना पास करण्याची सोय नाही, एक चूक निघाली तरी रॅम बाद. हार्ड डिस्कच्या नोंदींत बिघडल्यामुळे बदललेले आणि नीट वाचता न आल्याने प्रतीक्षेतले सेक्टर (माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) शून्य आहेत ना, एवढे मात्र मिनिटभरात पाहून होते.

राहता राहिली कॅबिनेटला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्यांची तक्रार. एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटपर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा अल्प प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर धातूचे कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते आणि बोटाला मुंग्या येतात. दुकानात अर्थिंग चांगले असल्याने हे जाणवत नाही. संगणक देताना केबल भिंतीतून काढून तिच्या प्लगची जाड पिन आणि कॅबिनेटचा रंग नसलेला धातू यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. रोध जवळजवळ शून्य आला तर संगणकाच्या बाजूची अर्थिंगची तार शाबूत आहे. त्यानंतरही घरी झिणझिण्या आल्या, तर दोनपिनी एक्स्टेंशन बोर्ड किंवा घरचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला सांगता येते.

शेवटी ग्राहकाला समोर बसवून पासवर्ड त्याचा त्यालाच टाकू द्यावा, आणि बिलाच्या मागे चाचणीच्या वेळचे खोलीचे तापमान, प्रोसेसरचे सर्वाधिक तापमान आणि चाचणी किती वेळ चालली ते लिहून द्यावे. मे महिन्यात तो पुन्हा आलाच, तर तुलना करायला आकडे हाताशी असतील.