औद्योगिक इमारतींतील वास्तव्य व नियोजन अंमलबजावणीवरील देखरेख (इंग्लंड)

कारखाना, गोदाम किंवा कार्यशाळा म्हणून मंजूर असलेल्या इमारतीत लोक परवानगीवाचून राहू लागले, तर त्या वास्तव्यावर नियोजन कायद्याखाली कारवाई करावयाची की नाही, हे इंग्लंडमध्ये तेथील स्थानिक परिषद ठरवते. परिषदेचे अधिकारी आणि कार्यकारी मंडळ हे काम कसे करतात यावर परिषदेच्याच इतर निवडून आलेल्या सदस्यांनी ठेवलेली नजर, हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. स्कॉटलंड व वेल्स यांचे नियम निराळे असल्याने येथे केवळ इंग्लंडचा, आणि त्यातही मुख्यतः लंडनचा विचार केला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या आतील भागातील उत्पादनउद्योग आक्रसत गेले आणि कपड्यांच्या, लाकूडकामाच्या व छपाईच्या अनेक इमारती ओस पडल्या. हॅकनी विक, फिश आयलंड, दक्षिण टॉटनहॅम आणि हॅरिंगे या भागांत अशा इमारतींचे मजले स्वस्तात मिळत. चित्रकार, शिल्पकार, वादक अशा मंडळींनी ते कामाच्या जागा म्हणून घेतले आणि हळूहळू तेथेच मुक्काम केला. पुढे मालकांनी व मधल्या भाडेकऱ्यांनी मोठ्या दालनांत फळ्यांच्या भिंती उभारून, लाकडी पोटमाळे घालून खोल्या काढल्या. स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक राहिले आणि आतील कित्येक खोल्यांना खिडकीच उरली नाही. या वस्तीची दोन रूपे आहेत. एकत्र राहून एकत्र काम करणारे, ते जीवन स्वतः निवडलेले समूह एका बाजूला, आणि दुसरीकडे निवारा परवडत नाही म्हणून कोंबून राहणारी माणसे. नियोजन कायद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंचा दोष एकच ठरतो आणि तेथूनच अडचणीला सुरुवात होते.

इमारतींच्या वापराचे वर्ग १९८७ च्या आदेशाने ठरवले आहेत. सर्वसाधारण उद्योग ‘बी-२’ वर्गात, साठवण व वितरण ‘बी-८’ वर्गात येते. हलका उद्योग सप्टेंबर २०२० पासून ‘ई’ या व्यापक वर्गात सामावला आहे. घर ‘सी-३’ वर्गात मोडते. तीन ते सहा असंबंधित व्यक्तींचे सामाईक घर २०१० पासून ‘सी-४’ वर्गात मोडते आणि त्याहून मोठे सामाईक घर कोणत्याच वर्गात बसत नाही. गोदामाचे घर करणे हा वापरातील भरीव बदल असल्याने त्यासाठी परवानगी लागते. परंतु परवानगी न घेणे हा मुळात गुन्हा नव्हे. परिषदेने काढलेली अंमलबजावणी नोटीस न पाळणे हा गुन्हा होय. तक्रार करणारे शेजारी, आणि पुष्कळदा नवे परिषद सदस्यही, हा भेद ध्यानात घेत नाहीत व ‘बेकायदा’ या एका शब्दात सारे गुंडाळतात.

अंमलबजावणीची साधने १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात आहेत. संशय आल्यास परिषद कलम १७१-सी खाली माहिती मागवणारी नोटीस देते व तिला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. कलम १७२ खालील अंमलबजावणी नोटीस मालक व रहिवासी या दोघांनाही बजावावी लागते आणि ती किमान २८ दिवसांनंतरच लागू होते. त्या मुदतीत नियोजन निरीक्षणालयाकडे अपील केले, तर निकाल लागेपर्यंत नोटीस स्थगित राहते. हा अपिलाचा अधिकार रहिवाशांनाही आहे. मात्र त्याच अपिलातून परवानगीही मागायची असेल, तर नेहमीच्या दुप्पट शुल्क भरावे लागते, आणि खोलीचे भाडे जेमतेम भरणाऱ्या माणसाला ते परवडणारे नसते. न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळवण्याची सोय कलम १८७-बी मध्ये आहे. साउथ बक्स जिल्हा परिषदेच्या प्रकरणात लॉर्ड्स सभागृहाने (तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ) २००३ मध्ये असा निर्णय दिला, की मनाईहुकूम देताना न्यायालयाने केवळ परिषदेच्या मतावर विसंबू नये. राहत्या माणसांवर होणारा परिणाम स्वतः तोलावा.

कलम १७२ चा गाभा असा, की नियमभंग झालेला दिसणे पुरेसे नाही. कारवाई करणे इष्ट आहे असेही परिषदेला वाटले पाहिजे. राष्ट्रीय नियोजन धोरणही अंमलबजावणी ऐच्छिक असल्याचे स्पष्ट सांगते. परिषद एखाद्या गोदामाकडे पाहून गप्प बसली, तर तिने कायदा मोडला असे म्हणता येत नाही.

पण ही चुप्पी निष्फळ नसते, कारण कलम १७१-बी ने कारवाईला कालमर्यादा घातली आहे. २५ एप्रिल २०२४ पर्यंत एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र घरात झालेल्या रूपांतराविरुद्ध चार वर्षांनंतर कारवाई करता येत नसे. इतर वापरबदलांना दहा वर्षांची मर्यादा होती. २०२३ च्या समतोल विकास व पुनरुज्जीवन कायद्याने त्या दिवसापासून इंग्लंडमध्ये सर्वत्र दहा वर्षे केली. ज्यांचे रूपांतर त्या दिवसाआधीच झाले होते त्यांना मात्र जुनी चार वर्षांचीच मर्यादा लागू ठेवली. जुन्या नियमामुळे गोदामांत विचित्र स्थिती उद्भवे. स्वतःचे दार, स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेला कप्पा चार वर्षांत सुरक्षित होई, तर एकाच ओट्यावर आठ जणांचा स्वयंपाक होणाऱ्या शेजारच्या मजल्याला दहा वर्षे लागत. त्यामुळे एकत्र राहण्याच्या पद्धतीपेक्षा दालनाचे लहान लहान तुकडे पाडणेच मालकाला किफायतशीर ठरले. मुदत पुरी झाल्यावर कलम १९१ खाली कायदेशीरपणाचा दाखला मागता येतो. पुराव्याचा भार अर्जदारावर असतो आणि वापर सलग होता हे दाखवावे लागते. भाडेकरार, विजेची देयके, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि परिषदेनेच पाठवलेली स्थानिक कराची बिले या कामी येतात. वास्तव्य मुद्दाम लपवले असेल, तर २०११ च्या स्थानिकता कायद्यानुसार न्यायालयाकडून मुदतवाढीचा आदेश मिळवता येतो.

थोडक्यात, दहा वर्षे काहीच न करणे म्हणजे परवानगी देणेच. फरक इतकाच, की अशा परवानगीवर अटी घालता येत नाहीत, तिच्यामागे कुणाची सही नसते आणि शेजाऱ्यांना हरकत नोंदवण्याची संधीही मिळत नाही. देखरेखीची खरी गरज येथे आहे. कारवाई झाली तर निदान अपिलात ती तपासली जाते. न झालेल्या कारवाईला तशी अपिलाची वाट नाही.

ही देखरेख छाननी समितीकडे असते. २००० च्या स्थानिक शासन कायद्याने बहुतेक परिषदांत जुन्या समित्यांच्या जागी नेता व कार्यकारी मंडळ आणले आणि त्याला तोल म्हणून मंडळाबाहेरच्या सदस्यांची छाननी समिती सक्तीची केली. समिती मंडळाच्या सदस्यांना व अधिकाऱ्यांना बोलावू शकते, कागदपत्रे मागवू शकते, रहिवासी व तज्ज्ञ यांची बाजू ऐकू शकते आणि शिफारशी करू शकते. शिफारशींना दोन महिन्यांत उत्तर देणे मंडळाला बंधनकारक आहे, त्या मान्य करणे मात्र नाही. संसदेच्या संबंधित समितीने २०१७ च्या अखेरीस छाननीच्या परिणामकारकतेवर अहवाल दिला व त्यानंतर मे २०१९ मध्ये शासनाने वैधानिक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. छाननीचे यश परिषदेच्या संस्कृतीवर अवलंबून असते, हा त्यातील मुख्य मुद्दा आहे.

अंमलबजावणीच्या बाबतीत समितीला एक कुंपण सांभाळावे लागते. अमुक गोदामाला नोटीस द्या किंवा देऊ नका असे ती सांगू शकत नाही. तो निर्णय सहसा अधिकाऱ्यांकडे सोपवलेला असतो व तो पुराव्यावरच घ्यावा लागतो. शिवाय संभाव्य खटल्याची माहिती १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार गोपनीय ठरवून जनतेला बैठकीबाहेर ठेवता येते, आणि ज्यांच्या छपराविषयी चर्चा चालू आहे तेच दाराबाहेर उभे राहतात. कुंपणाच्या आत मात्र बरेच करता येते. परिषदेने स्थानिक अंमलबजावणी आराखडा केला आहे का, पहिली पाहणी तक्रारीनंतर किती दिवसांत होते, ‘कारवाई इष्ट नाही’ म्हणून किती प्रकरणे बंद झाली व त्यांची कारणे लिहून ठेवली आहेत का, दहा वर्षांच्या उंबरठ्यावर किती इमारती आहेत, हे समितीने विचारलेच पाहिजे. प्रत्यक्षात तिच्यापुढे बहुधा नोटिसांची संख्या येते. ती संख्या वाढली म्हणजे काम चांगले झाले असे मानण्याची चूक फार सहज होते, कारण सोपी प्रकरणे उरकूनही ती वाढवता येते.

या प्रश्नात परिषदेचे विभाग एकमेकांविरुद्ध काम करताना दिसतात. नियोजन विभागाच्या लेखी इमारत गोदाम असते. कर विभाग तिच्यावर घरांचा स्थानिक कर लावतो. गृह विभागाला २००४ च्या कायद्यानुसार पाच किंवा अधिक व्यक्तींच्या सामाईक घराचा परवाना मागावा लागतो आणि २९ प्रकारच्या धोक्यांच्या निकषांवर तपासणी करावी लागते. २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाची अंमलबजावणी अग्निशमन दलाकडे असते. सर्वांना एकाच टेबलाशी बसवून ‘ही इमारत तुमच्या मते काय आहे?’ असे विचारू शकणारी जागा छाननी समितीच होय. आगीच्या बाबतीत हा प्रश्न जिवावरचा आहे. अमेरिकेतील ओकलंड शहरात २ डिसेंबर २०१६ रोजी लोक राहत असलेल्या एका गोदामात कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. कारवाईच्या भीतीने रहिवासी तपासनिसापासून लपतात आणि म्हणून धोका वाढतो, ही गोष्ट लंडनमध्येही तितकीच खरी आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८२ मध्येच खास कायदा करून अशा इमारती टप्प्याटप्प्याने सुरक्षितता-निकषांत आणण्याची व दरम्यान रहिवाशांना संरक्षण देण्याची वाट काढली; इंग्लंडमध्ये त्याच्या तोडीचा कायदा नाही.

नोटीस लागू झाली की भोगतो रहिवासी. त्याच्या हातातील कागद अनेकदा घराचा भाडेकरार नसतो. १९५४ च्या कायद्याखालील व्यापारी भाडेपट्टा किंवा नुसती वापराची अनुज्ञा असते, आणि घरभाडेकरूचे संरक्षण आपल्याला आहे का हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. बेघर होण्याचा धोका असलेल्यांना मदत करण्याचे कर्तव्य २०१७ च्या कायद्याने परिषदेवर टाकले आहे. म्हणजे एका विभागाने रिकामा केलेला मजला दुसऱ्या विभागाच्या दारात रांग लावतो. उलटपक्षी मालकाने मिळवलेले भाडे त्याच्याकडेच राहते, नोटीस मोडल्याबद्दल शिक्षा होऊन २००२ च्या गुन्हेगारी उत्पन्न कायद्याखाली ते जप्त झाले नाही तर. परिषदा हा मार्ग वापरतात, पण त्यासाठी खटला व चिकाटी लागते.

उद्योगाची बाजूही खरी आहे. घराचे भाडे कार्यशाळेच्या भाड्याहून जास्त येत असल्याने एकदा वास्तव्य शिरले की सुतार, बेकरीवाले, दुरुस्ती करणारे बाहेर ढकलले जातात. म्हणून २०२१ ची लंडन योजना (संपूर्ण शहराचा विकास आराखडा) महत्त्वाची औद्योगिक क्षेत्रे राखून ठेवते, आणि शेजारच्या उद्योगांच्या आवाजाचा बंदोबस्त नव्याने येणाऱ्या निवासी वापरानेच करावा असे ठरवते.

हॅरिंगे परिषदेने वेगळी वाट धरली. जुलै २०१७ मध्ये स्वीकारलेल्या विकास व्यवस्थापन दस्तऐवजात तिने ‘गोदाम वास्तव्य’ या नावाने स्वतंत्र धोरण घातले. काम आणि राहणे यांचा हा मेळ नेहमीच्या घरापेक्षा निराळा आहे हे तिने मान्य केले व कामाची जागा टिकवून, संपूर्ण स्थळाचा एकत्रित आराखडा करून त्याला परवानगी देण्याची शक्यता खुली केली. यामुळे काही वस्त्यांना कारवाईखेरीज दुसरा पर्याय मिळाला. परंतु धोरण म्हणजे परवानगी नव्हे. अर्ज मालकालाच करावासा वाटला पाहिजे, आणि जमिनीची किंमत वाढत असताना त्याला जुनी दालने सुधारण्यापेक्षा ती पाडून नव्या सदनिका बांधणे अधिक लाभाचे वाटू शकते. मालकाने यांपैकी काहीच केले नाही, तर रहिवासी पूर्वीच्याच अनिश्चित स्थितीत राहतात आणि दहा वर्षांची गणना चालू राहते.